कपात निरंक

सकाळी नऊच्या सुमारास भाऊसाहेबांचा फोन आला. दिंडोरी तालुक्यातल्या ज्या शेतकरी उत्पादक कंपनीचं सॉफ्टवेअर मी सांभाळते, तिथले ते हिशेबनीस. "ताई, एक आबा सात वाजल्यापासून येऊन बसलेत. तीन वेळा माल दिलाय, काटापावत्या हातात आहेत, पण पेमेंटच्या यादीत नावच नाही त्यांचं."

मार्चचा दुसरा आठवडा होता, द्राक्षाचा हंगाम ऐन भरात. त्या दिवशी दुपारी चारपर्यंत पेमेंटची फाइल बँकेत जायची होती. गंगापूर रोडवरच्या ऑफिसात बसून हे बघता आलं असतं, पण आदल्याच आठवड्यात मी पट्टीची, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा भाव, कपात आणि निव्वळ रक्कम दाखवणाऱ्या हिशेबाच्या कागदाची, क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढायची आज्ञा) नव्यानं लिहिली होती आणि त्यातून निघालेली ही पहिली यादी होती. नाव गळालं असेल तर ते माझ्या हातून गळालं होतं. गाडी काढली आणि निघाले. म्हसरूळ, ढकांबे मागे पडेपर्यंत डोक्यात एकच विचार: त्यांचा माल रिजेक्ट झाला असेल, खातं क्रमांक चुकला असेल, काहीतरी साधं कारण असेल.

आबा भाऊसाहेबांच्या टेबलासमोरच्या खुर्चीत ताठ बसले होते. सत्तरीचे असतील. खताच्या रिकाम्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तीन काटापावत्या आणल्या होत्या. एकेक पावती त्यांनी टेबलावर सरळ करून ठेवली, वर हात दाबून. थॉमसन जातीची द्राक्षं, 18 मिलीमीटरच्या वरचा मणी, वजन, क्रेटची संख्या, गेटवरच्या माणसाची सही. सगळं जागच्या जागी. मी पावतीवरचा क्रमांक डेटाबेसमधल्या पट्टीच्या टेबलात टाकून पाहिला. पट्टी होती. भाव लागलेला, ढोबळ रक्कम आलेली. यादीत मात्र नाही.

भाऊसाहेबांना वाटलं, उधारी ढोबळ रकमेपेक्षा जास्त असेल म्हणून निव्वळ काही उरलं नसेल. कंपनी सभासदांना खतं-औषधं उधारीवर देते, हंगामाआधी उचलही देते, आणि माल आला की पट्टीतून कापून घेते. त्यांनी तसं विचारलं तर आबा दुखावले. "भाऊसाहेब, एक रुपया देणं नाही माझं कंपनीचं. औषधंसुद्धा रोखीनं नेलीत. उचल कधी घेतली नाही. वही काढा, बघा."

ते हे बोलले आणि मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. चूक कुठे आहे ते त्या एका वाक्यानं कळलं होतं. स्क्रीन बघायची गरजच उरली नव्हती.

ते नीट सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. गेल्या हंगामापर्यंत पट्टीवर कपातीचा एकच आकडा छापला जायचा. त्यासाठी डेटाबेसमध्ये एक फंक्शन, म्हणजे तयार हिशेब करून देणारा छोटा प्रोग्रॅम, होतं: पट्टीचा क्रमांक द्या, एकूण कपात मिळवा. क्वेरीच्या सिलेक्टमध्ये, म्हणजे काय दाखवायचं ते सांगणाऱ्या भागात, ढोबळ रकमेतून ते वजा केलं की झालं. सभासदांची तक्रार अशी की कापलं किती ते दिसतं, कशासाठी ते दिसत नाही. तक्रार रास्तच होती. मी स्वतः निफाड तालुक्यातल्या बागायतदाराच्या घरातली आहे. पट्टीवरचा तो एक आकडा बघून वडील रात्री वहीशी ताळा करत बसायचे, ते मी पाहिलेलं आहे. म्हणून या वर्षी मी ते फंक्शन बदललं. आता ते एक आकडा देत नव्हतं, ओळी देत होतं: उचल इतकी, औषधं इतकी, रेसिड्यू (द्राक्षात उरलेला औषधाचा अंश) तपासणीचा खर्च इतका, परत न आलेली क्रेट इतकी.

एक आकडा देणारं फंक्शन सिलेक्टमध्ये बसतं. ओळी देणारं फंक्शन म्हणजे एक टेबलच, ते फ्रॉममध्ये, म्हणजे माहिती कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या भागात, जातं आणि दुसऱ्या टेबलाशी जोडावं लागतं. फरक दिसायला एवढाच, पण सगळं त्यातच आहे. साध्या जॉइनमध्ये, म्हणजे जोडणीत, दोन टेबलं एकमेकांना ओळखत नाहीत. दोन्हीकडच्या ओळी समोर येतात आणि अटीनुसार जुळतात. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या, आजच्या डेटाबेसचा पाया असलेल्या संबंधांच्या कल्पनेतला जॉइन असाच आहे. फंक्शनला मात्र डावीकडच्या ओळीतली किंमत हातात द्यावी लागते, तेव्हाच ते काही सांगू शकतं. म्हणजे उजवी बाजू डावीवर अवलंबून. पोस्टग्रेसमध्ये, म्हणजे मी वापरते त्या डेटाबेसमध्ये, यासाठी लॅटरल आहे, 2013 च्या 9.3 आवृत्तीपासून. एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हेच काम अप्लाय करतं, 2005 च्या आवृत्तीपासून. कल्पना मनात आणायची ती अशी: डावीकडची एक ओळ उचलली, तिचा क्रमांक फंक्शनला दिला, जितक्या ओळी परत आल्या तितक्या वेळा ती डावी ओळ त्यांच्या शेजारी मांडली, मग पुढची ओळ.

तीन कपाती आल्या तर पट्टी तीनदा मांडली जाणार. एकही आली नाही तर? शून्य वेळा. पट्टी गेली.

मला भीती होती ती पहिल्या गोष्टीची. पट्टी तीनदा आली आणि कोणी ढोबळ रकमेची बेरीज केली तर एका शेतकऱ्याला तिप्पट पैसे जातील, हे डोक्यात इतकं बसलं होतं की गट करणं, आधी कपातीची बेरीज आणि मग वजाबाकी, हे सगळं मी दहादा तपासलं. तपासायला पट्ट्याही निवडल्या त्या चार-पाच कपाती असलेल्या, कारण गुंता तिथे होता. ज्याची काहीच कपात नाही अशी पट्टी तपासायला घ्यावी असं मनातही आलं नाही. तिच्यात तपासण्यासारखं काय असणार!

आणि लिहिताना मी नुसता स्वल्पविराम दिला होता. फ्रॉम पट्टी, स्वल्पविराम, कपाती आणि कंसात पट्टीचा क्रमांक. पोस्टग्रेस फंक्शनच्या बाबतीत लॅटरल हा शब्द लिहायचीही सक्ती करत नाही, आपणहून समजून घेतं. पूर्वी अंबडच्या एका कारखान्यात एसक्यूएल सर्व्हरवर काम करत असताना क्रॉस अप्लाय की आउटर अप्लाय हे प्रत्येक वेळी लिहावं लागायचं, आणि लिहिताना हात क्षणभर थांबायचा: रिकामं आलं तर ओळ ठेवायची की सोडायची? स्वल्पविराम तो प्रश्न विचारत नाही. ही सोय मला आता सोय वाटत नाही. टंकायचे चार शब्द वाचतात खरे, पण त्या चार शब्दांतच निर्णय असतो.

भाऊसाहेबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि मोजलं. पट्ट्या 341. यादीत वेगवेगळ्या पट्ट्या 318. म्हणजे आबा एकटे नव्हते. 23 पट्ट्या गायब होत्या. क्वेरी आत कशी चालली ते दाखवणारं एक्सप्लेन ॲनालाइज चालवलं. पट्टीच्या टेबलातून 341 ओळी वाचल्या गेल्या होत्या आणि फंक्शनच्या ओळीपुढे (फंक्शन स्कॅन) लूप्स, म्हणजे फेऱ्या, 341 असं होतं. म्हणजे फंक्शन प्रत्येकासाठी चाललं होतं, आबांसाठीही. त्यानं आबांची वही उघडून पाहिली, काही देणं नाही असं त्याला दिसलं, आणि ते काहीच न बोलता परत आलं. त्याचं उत्तर बरोबर होतं. त्या उत्तराचा अर्थ मी लावला तो चुकला होता.

भाऊसाहेबांना हे समजावताना मी म्हटलं, "कपात नाही असं सांगणारी ओळच येत नाही, म्हणून पट्टी गळते." ते लगेच म्हणाले, "म्हणजे निरंक लिहिलं नाही त्यानं. आमच्या रजिस्टरला रकाना कोरा सोडायची परवानगी नाही ताई. काही नसेल तर निरंक लिहायचंच. कोरा सोडला तर वाचणाऱ्याला वाटतं, भरायचं राहिलं." इतक्या वर्षांत लेफ्ट जॉइन, म्हणजे उजवीकडे काही नसलं तरी डावी ओळ ठेवणारी जोडणी, मला इतक्या नेमकेपणानं कोणी सांगितला नव्हता.

मग दुरुस्ती. स्वल्पविराम काढला, लेफ्ट जॉइन लॅटरल लिहिलं, शेवटी ऑन ट्रू, म्हणजे जोडणीला वेगळी अट नाही. चालवलं. परत 318.

घड्याळात साडेअकरा वाजले होते. आबांना कोणीतरी चहा आणून दिला होता, तो तसाच निवत होता. मी क्वेरी वरून खाली एकेक शब्द वाचत आले. खाली व्हेअरमध्ये, म्हणजे कोणत्या ओळी ठेवायच्या ते ठरवणाऱ्या भागात, एक अट होती: कपातीची रक्कम शून्यापेक्षा जास्त. फिटलेल्या उधारीच्या शून्य रकमेच्या ओळी पट्टीवर छापू नयेत म्हणून ती टाकलेली. लेफ्ट जॉइननं आबांची ओळ ठेवली होती, कपातीच्या जागी नल, म्हणजे किंमतच नाही अशी खूण, ठेवून. नल शून्यापेक्षा जास्त आहे का, याचं उत्तर खरंही नाही आणि खोटंही नाही. आणि व्हेअर फक्त खऱ्यालाच आत घेतं. वरच्या दारानं आत घेतलेला माणूस खालच्या दारानं बाहेर काढला जात होता. ती अट व्हेअरमधून उचलून ऑनमध्ये, ट्रूच्या जागी ठेवली. तिथे ती जोडणीची अट होते: जुळली तर कपात शेजारी मांडा, नाही जुळली तरी पट्टी ठेवा.

341.

भाऊसाहेबांनी यादी उघडली आणि म्हणाले, "ताई, नावं आली, पण रक्कम कोरी आहे." ढोबळ रकमेतून नल वजा केलं की नलच उरतं. जुन्या फंक्शनमध्ये काही नसेल तर शून्य द्या अशी सोय आतच होती; ती नव्या फंक्शनमध्ये बसणार नव्हती, कारण जिथे ओळच नाही तिथे शून्य लिहायचं कुठे? ते बाहेर, बेरजेवर लिहावं लागलं: कोअलेस, बेरीज नसेल तर शून्य. आता 23 जणांच्या निव्वळ रकमा दिसल्या. ढोबळ तेवढीच निव्वळ, पै न पै.

ती 23 नावं मी भाऊसाहेबांबरोबर वाचली. बहुतेक आबांसारखीच: रोखीनं घेणारी, देणं न ठेवणारी, किंवा ज्यांचं सगळं जानेवारीतच फिटलं होतं अशी. कोणाचं काही बाकी नाही म्हणून नेमका त्याचाच पैसा अडकला होता. काही जणांचे खरड छाटणीसाठी मजूर ठरलेले असणार, त्या पैशावर. मला हे सांगताना अजून बरं वाटत नाही.

आबांना मी समोर बसून सांगितलं, की चूक माझी होती, तुमचा हिशेब चोख आहे. ते फार काही बोलले नाहीत. पट्टी छापून हातात दिली. त्यांनी बोट ठेवून वाचली: वजन, भाव, ढोबळ. कपातीच्या रकान्यात भाऊसाहेबांच्या आग्रहावरून मी एक शब्द छापायची सोय केली होती, निरंक. बोट तिथे थांबलं, मग खाली निव्वळ रकमेवर गेलं. पट्टी काटापावत्यांबरोबर प्लॅस्टिकमध्ये गेली. "पोरी, गेल्या साली हे पत्रक नव्हतं असं," एवढंच म्हणाले. मग तो निवलेला चहा संपवून उठले.

फाइल चारला दहा कमी असताना गेली. त्याआधी मी तिला एक अडसर घातला: गेटवरच्या नोंदीतल्या पट्ट्या आणि यादीतल्या पट्ट्या यांची संख्या आणि ढोबळ रकमेची बेरीज, दोन्ही जुळल्याशिवाय फाइल तयारच होणार नाही.

पण घरी निघवेना. तोच स्वल्पविराम मी आणखी कुठे कुठे टाकला असेल? सगळ्या क्वेऱ्या शोधल्या. दोन सापडल्या. एक निरुपद्रवी होती, तिथे फंक्शन नेहमीच किमान एक ओळ देतं. दुसरी बघून मात्र अंगावर काटा आला. रेसिड्यूचा अहवाल कोणत्या प्लॉटचा बाकी आहे, याची ती यादी. प्रत्येक प्लॉटसाठी शेवटचा अहवाल देणारं फंक्शन, आणि जुन्या तारखा वर. ज्या प्लॉटचा अहवाल अजून एकदाही आलेला नाही, त्याच्यासाठी फंक्शन रिकामं येणार, म्हणजे तो प्लॉट बाकीच्या यादीत कधीच दिसणार नाही. जी यादी त्याच्यासाठीच केली होती, तिच्यात. गेटवर कागद बघितल्याशिवाय निर्यातीचा माल आत घेत नाहीत, म्हणून काही बाहेर गेलं नव्हतं.

लेफ्ट जॉइन केल्यावर चार प्लॉट वर आले. तिघांची काढणी लांब होती. चौथ्याची दुसऱ्या दिवशी पहाटे ठरलेली. मी पर्यवेक्षकाला फोन लावला. ते म्हणाले, नमुना गेलाय, अहवाल आला असेल असं वाटलं, बाकीच्या यादीत नाव नव्हतं ना. मजुरांच्या मुकादमाला त्यांनी तिथूनच दुसऱ्या फोनवरून निरोप दिला: उद्या नको, अहवाल आल्यावर सांगतो.