जपानचा बोर्ड, पुण्याची वीज

‘मुस्तफा’ म्हटलं की नव्वदच्या दशकात पुण्यात शाळेत असलेल्या कुणालाही पुढचं सांगावं लागत नाही. इथे टोकियोत, अकिहाबाराच्या दुकानात मात्र हे नाव चालत नाही. ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ म्हटलं तरी दुकानदार क्षणभर थांबतो. कॅपकॉम कंपनीने १९९३ साली आणलेला पार्लरमधला हा व्हिडिओ गेम जपानमध्ये ‘कॅडिलॅक्स: क्योर्यू शिन्सेइकी’ या नावाने विकला गेला, आणि त्याचा जपानी बोर्ड, म्हणजे खेळ साठवलेली सर्किटची पाटी, शोधताना हेच नाव लागतं. मुस्तफा हा त्यातल्या चार नायकांपैकी एक. आपण अख्ख्या खेळाचं बारसं त्याच्या नावाने केलं.

पार्लरच्या दारात घुटमळणारी ती पोरं आता कमावती झाली आहेत, आणि जपानला आली की एकच प्रश्न विचारतात: मशीन पुण्याला नेता येईल का? उत्तर असं की डबा, म्हणजे पडदा आणि बटणांचं कपाट, इथेच राहू द्या, बोर्ड न्या. उदाहरणच द्यायचं तर सेगाचं १९९३चं ॲस्ट्रो सिटी हे मशीन. पांढरं, गुळगुळीत, २९ इंची पडद्याचं, बघताच मोह पडावा असं. पण वजन शंभर किलोच्या आसपास, आतली पडद्याची काचेची नळी नाजूक, चालतं १०० व्होल्टवर, आणि जुना इलेक्ट्रॉनिक माल भारतात आणायचा तर परवानग्यांची कटकट वेगळीच. वाड्याच्या जिन्यावरून ते वर चढवणं हा तर आणखी वेगळा विषय. बोर्ड मात्र बॅगेत मावतो, आणि खेळ बोर्डातच असतो.

इथल्या जुन्या मालाच्या दुकानांत ‘जंक’ अशी चिठ्ठी लावलेला ढीग असतो. जंक म्हणजे भंगार नव्हे. ‘तपासलेलं नाही, परत घेणार नाही’ एवढाच त्याचा अर्थ. असा बोर्ड उचलताना सगळ्यात आधी बॅटरी बघा. एसएनके कंपनीच्या निओ जिओ एमव्हीएस या पार्लरच्या मशीनच्या मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमची चार्ज होणारी बॅटरी असते. ती पाझरली की भोवती हिरवट-निळसर बुरशीसारखा थर चढतो, तांब्याच्या बारीक रेषा काळवंडतात आणि शेवटी तुटतात. थर बॅटरीपुरताच असेल तर बॅटरी कापून काढायची, जागा पांढऱ्या व्हिनेगरने पुसायची (पाझरलेला द्रव अल्कधर्मी असतो म्हणून), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवायची. तिच्या जागी सीआर२०३२चं नाणं बसवायचं तर मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवाच. मूळ सर्किट बॅटरी चार्ज करायला बघतं, आणि चार्ज न होणाऱ्या लिथियम सेलला ते सोसत नाही. थर चिपांच्या खाली शिरला असेल तर बोर्ड ठेवून द्या.

कॅपकॉमची गोष्ट निराळी. मुस्तफाच्या अस्सल बोर्डावर आवाजाचा प्रोसेसर सांकेतिक कुलूप लावलेला आहे आणि त्याची किल्ली बॅटरीच्या जोरावर टिकते. बॅटरी संपली की किल्ली गेली. कॅपकॉमच्याच पुढच्या सीपीएस-२ बोर्डांवरही तोच प्रकार, तिथे ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. पूर्वी असा बोर्ड मेला असं धरत. आज सीपीएस-२ची किल्ली छोट्या मायक्रोकंट्रोलरने परत भरता येते. मुस्तफाच्या बोर्डात साधा झेड८० प्रोसेसर आणि कुलूप काढलेला रॉम (प्रोग्रॅम साठवलेली चिप) बसवला की आवाज परत येतो. त्यामुळे ‘बॅटरी गेलेली’ म्हणून स्वस्तात मिळणारा बोर्ड सोल्डरिंग येणाऱ्यासाठी चांगला सौदा असतो. बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत गुंडाळा, आणि कस्टम्ससाठी किमतीची खरी पावती सोबत असू द्या.

आता पुणे. पहिलं काम जामा कनेक्टरचं, म्हणजे बोर्डाला वीज, पडदा आणि बटणं जोडणाऱ्या पट्टीचं. १९८५पासूनच्या या मानकात ५६ टोकं असतात, प्रत्येक बाजूला २८, आणि सातव्या जागी उलटं बसू नये म्हणून खाच असते. खाचेतली खुंटी नसलेला कनेक्टर घेऊ नका. उलटा बसला तर वीज भलत्याच टोकांवर जाते आणि बोर्ड जळू शकतो. बोर्डाची सोनेरी टोकं शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासायची आणि अल्कोहोलने पुसायची. जामात दोघांचीच आणि प्रत्येकी तीन बटणांची सोय आहे. म्हणून मुस्तफाच्या तिसऱ्या खेळाडूला आणि स्ट्रीट फायटर २च्या लाथांच्या तीन बटणांना वेगळी वायर ओढावी लागते.

पॉवर सप्लाय २३०वर चालणारा, ५ आणि १२ व्होल्ट देणारा घ्या. पाचची बाजू दहा ॲम्पियरची तरी असू द्या. बहुतेकांची चूक इथेच होते: मीटर सप्लायच्या टोकावर लावून ५.०० बघतात आणि निर्धास्त होतात. बारीक वायरीत बोर्डापर्यंत ४.७ उरतात, मग खेळ मध्येच रीसेट होतो, चित्रांचे तुकडे दिसतात आणि दोष बोर्डाला दिला जातो. खेळ चालू असताना, बोर्डाच्या टोकावरच मोजा आणि ५.०० ते ५.०५वर आणा. ५.२५च्या वर कधीही नाही. गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठी वीज गेली असेल तर स्विच बंद करून ठेवा, आणि आल्यावर पाच मिनिटं थांबून चालू करा. वीज परत येतानाचा झटका वाईट असतो.

पडदा काचेच्या नळीचाच (सीआरटी) हवा. त्या काळची चित्रं त्याच्यासाठीच काढलेली आहेत, एलसीडीवर ती टोकदार आणि निर्जीव दिसतात. जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी एकवीस इंची टीव्ही बघताना मागे हिरवा, निळा, लाल असे कंपोनंटचे तीन सॉकेट आहेत का ते शोधा. बोर्डाचे रंग त्यात घालायला छोटं कन्व्हर्टर लागतं, आणि बोर्डाचा सिग्नल टीव्हीपेक्षा जोरदार असल्याने ते पातळी कमी करता येणारंच हवं. ‘१०० हर्ट्झ’ लिहिलेला टीव्ही टाळा. तो आधी चित्रावर प्रक्रिया करतो, आणि बटण दाबल्यावर मार उशिरा बसतो. आवाजाची जोडणी टीव्हीला करू नका. बोर्डातून निघणारा आवाज आधीच मोठा केलेला असतो, ८ ओहमचा स्पीकर थेट लावा. त्या स्पीकरचं कुठलंही टोक अर्थला जोडू नका.

टीव्हीचं मागचं झाकण मात्र शिकलेल्या माणसाच्या सोबतीशिवाय उघडू नका. नळीच्या रबरी टोपीखाली वीसेक हजार व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही चार्ज उरतो. जाणकार माणूस स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून तिचं दुसरं टोक नळीभोवतीच्या उघड्या तारेच्या जाळीला लावतो, एक हात पाठीमागे ठेवतो आणि पातं टोपीखाली सरकवतो. ‘टक्’ आवाज आला की चार्ज उतरला. नाही आला तरी पुन्हा एकदा करतो. अनेक टीव्हींची आतली चासिस थेट मेन्सला जोडलेली असते. त्यांच्या आत हात घालायचा तर दोन वेगळ्या वाइंडिंगचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच.

डबा पुण्यातच करा. १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय, खाली चाकं, कडांना वाळवीचं औषध. फक्त पॅनेल लाकडाचं नको. जपानी ३० मिलिमीटरची खटक्याची बटणं जाड प्लायला धरत नाहीत, आणि जॉयस्टिकचा दांडा वर आखूड उरतो. दोन मिलिमीटरचा पोलादी पत्रा भोसरी एमआयडीसीत लेझरने कापून घ्या. बटणांच्या वायरी घेतानाही जपून: सान्वा या जपानी कंपनीच्या बटणांना २.८ मिलिमीटरची टोकं लागतात, अमेरिकन पद्धतीच्या मायक्रोस्विचला ४.८ची. पकडी, वायर, स्पीकर असल्या सुट्या मालासाठी आधी तपकीर गल्लीत चक्कर मारा.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच करा. नळीच्या टोपीभोवती आणि फ्लायबॅकवर (नळीला जास्त व्होल्ट पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) साचलेली धूळ जूनमध्ये ओल धरते, मग चट् चट् आवाज येतो आणि ओझोनचा वास सुटतो. वरच्या पद्धतीने जाणकाराकडून चार्ज उतरवूनच ती धूळ कोरड्या ब्रशने काढायची. जून ते सप्टेंबर आठवड्यातून अर्धा तास तरी मशीन चालू ठेवा. आतली ऊब ओल बाहेर घालवते. कपाटातल्या जादा बोर्डांजवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि दिवाळीनंतर त्या बदला.