आरसी गाडीला एलईडी दिवे: रेझिस्टरपासून ब्रेकलाइटपर्यंत

संध्याकाळी बडोद्याच्या नवलखी मैदानाच्या कडेला किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये आरसी (रिमोटवर चालणारी) गाडी चालवायची असेल, तर दिवे नुसते शोभेचे राहत नाहीत. अंधार पडला की गाडीचं तोंड कुठे आहे तेच कळत नाही, आणि गाडी आपल्याकडे येत असताना स्टिअरिंग हमखास उलटं फिरवलं जातं. पुढे पांढरे आणि मागे लाल दिवे असले की रंग बघूनच हात बरोबर वळतो.

हे काम अवघड नाही. पण एक गोष्ट आधीच सांगायला हवी. गाडीवरचे दिवे विजेच्या चुकीने जातात त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा हिसक्याने जातात. रेझिस्टरचं गणित दहा मिनिटांचं आहे. तार नीट ओढून, चिकटवून, तिला ताण बसणार नाही अशी बसवायला मात्र अख्खी संध्याकाळ द्यावी लागते, आणि ती द्यावी.

पुढची सगळी माहिती १:१० मापाच्या, रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) वेगवेगळे असलेल्या गाडीला धरून आहे.

वीज घ्यायची ती रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलमधून. ईएससीमधला बीईसी, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणारा भाग, रिसीव्हरला आणि सर्व्होला (स्टिअरिंग फिरवणाऱ्या मोटरला) ५ किंवा ६ व्होल्ट देतो आणि तेच व्होल्टेज प्रत्येक चॅनलच्या पिनांवर असतं. गाडी चालू करून, मधली पिन आणि वजा पिन यांच्यात मल्टीमीटर धरून ते मोजून घ्या. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, कारण काही ईएससींमध्ये बीईसी ६ किंवा ७.४ व्होल्टवर बदलता येतो आणि तो आधीच बदललेला असू शकतो. सर्व्होच्या तारेत काळी किंवा तपकिरी म्हणजे वजा, लाल म्हणजे अधिक, आणि पांढरी, पिवळी किंवा केशरी म्हणजे सिग्नल. दिव्यांसाठी सिग्नलची तार कापून टाका, दोनच ठेवा. कनेक्टर उलटा लागला तर अधिक मधेच राहतं, पण वजा तार सिग्नलच्या पिनवर जाते आणि सगळ्या दिव्यांचा करंट रिसीव्हरच्या चिपमधून वाट काढायला बघतो. म्हणून वजाच्या बाजूला कनेक्टरवर मार्करने ठिपका करून ठेवा.

लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीच्या बॅलन्स कनेक्टरमधून, म्हणजे प्रत्येक सेलच्या तारा बाहेर आणणाऱ्या छोट्या कनेक्टरमधून, एका सेलचे ३.७ व्होल्ट घेण्याचा मोह होतो, कारण पांढऱ्या एलईडीला ते अगदी बरोबर वाटतात. तसं करू नका. दोन सेलपैकी एकच सेल जास्त उतरतो. ईएससीचा कटऑफ साधारणपणे दोघांची बेरीज बघतो, त्यामुळे बेरीज ठीक दिसत असतानाच तो एक सेल ३ व्होल्टच्या खाली गेलेला असू शकतो. शिवाय गाडीचा स्विच बंद केला तरी ते दिवे चालूच राहतात आणि रात्रभरात बॅटरी कायमची निकामी होऊ शकते.

आता रेझिस्टर. दुकानात त्याला ‘रेझिस्टन्स’च म्हणतात, क्वार्टर वॉटचा मागायचा. बीईसीच्या व्होल्टेजमधून एलईडीचं व्होल्टेज वजा करा आणि उरलेल्याला करंटने भागा. पांढरा, निळा आणि शुद्ध हिरवा एलईडी साधारण ३.० ते ३.४ व्होल्ट घेतो. लाल आणि पिवळा १.८ ते २.२. साध्या ५ मिलिमीटरच्या एलईडीचा करंट २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर धरा. ६ व्होल्टवर पांढऱ्यासाठी ६ वजा ३.२ म्हणजे २.८, भागिले ०.०२, उत्तर १४० ओहम. बाजारात मिळणारा पुढचा आकडा १५०. लालसाठी ४ भागिले ०.०२ म्हणजे २००, घ्यायचा २२०. बीईसी ५ व्होल्टचा असेल तर पांढऱ्याला १०० आणि लालला १५०. पट्ट्या ओळखायच्या तर १०० म्हणजे तपकिरी-काळा-तपकिरी, १५० म्हणजे तपकिरी-हिरवा-तपकिरी आणि २२० म्हणजे लाल-लाल-तपकिरी. चौथी सोनेरी पट्टी ५ टक्क्यांची. तपकिरी आणि लाल पट्टी ट्यूबलाइटच्या उजेडात सारखीच भासते, तेव्हा लावण्याआधी मल्टीमीटरवर एकदा बघा.

प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर हवा. चार एलईडी समांतर जोडून सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर लावलेली जोडणी पहिल्या दिवशी छान दिसते. पण एकाच पाकिटातल्या दोन एलईडींचं व्होल्टेजही हुबेहूब सारखं नसतं. ज्याचं किंचित कमी, तो जास्त करंट ओढतो, तापतो, तापला की त्याचं व्होल्टेज आणखी उतरतं आणि तो आणखी ओढतो. तो गेला की त्याचा वाटा उरलेल्या तिघांवर पडतो. एका रुपयाच्या वस्तूसाठी हे ओढवून घेऊ नये. दोन लाल एकामागोमाग, म्हणजे सिरीजमध्ये जोडून ६ व्होल्टवर १०० ओहमचा एकच रेझिस्टर चालतो. दोन पांढरे सिरीजमध्ये ६ व्होल्टवर नीट पेटणार नाहीत, कारण त्या दोघांनाच ६.४ लागतात.

एकूण करंटचा हिशोबही ठेवा. पुढे दोन, मागे दोन आणि चार इंडिकेटर म्हटलं तर सगळे पेटल्यावर १५० मिलिअँपिअरच्या आसपास. साध्या ईएससीतला १ ते २ अँपिअरचा बीईसी हे सहज देतो, पण अडकलेला सर्व्हो एकटाच एक अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढू शकतो. स्टिअरिंग टोकाला नेल्यावर दिवे मंद होत असतील, तर बीईसी त्याच्या हद्दीला टेकला आहे. आणखी दिवे वाढवाल तर उद्या रिसीव्हर चालत्या गाडीत बंद पडून पुन्हा चालू होईल, आणि तेवढ्या वेळात गाडी तुमच्या हातात नसेल. २०० मिलिअँपिअरपाशी थांबलेलं बरं.

दिवाळीच्या तोरणातले एलईडी काढून वापरायला हरकत नाही, तपासून घ्या म्हणजे झालं. ३ व्होल्टच्या बटन सेलवर पाय टेकवले की पेटतात. लांब पाय अधिक, आणि ज्या बाजूला कडा सपाट आहे तो वजा. तोरणाची तार मात्र टाकून द्या. ती बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते, तिच्यावर सोल्डर धड धरत नाही. सिलिकॉनच्या आवरणाची २६ किंवा २८ गेजची तार घ्या, आत बारीक धागे पुष्कळ असलेली.

सोल्डरिंगला २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. हीट-श्रिंकची (गरम केल्यावर आवळून बसणारी) नळी तारेत आधी सरकवून ठेवा, नंतर आठवून उपयोग नसतो. एलईडीचे पाय ७-८ मिलिमीटर ठेवून कापा. लांब पाय कापला की खूण जाते, म्हणून आधी अधिकच्या पायाला लाल तार जोडून मगच दुसऱ्याकडे वळा. पाय चिमट्याने धरून तीन सेकंदांत डाख संपवा; जास्त वेळ धरलंत तर उष्णता आत जाऊन एलईडी तिथेच मरतो किंवा नंतर लुकलुकायला लागतो. रेझिस्टर कुठल्याही पायाला चालतो. एलईडीजवळच लावून एकाच नळीत झाकला तर पुढे शोधायला सोपं जातं.

तार तुटते कुठे? जोडावर नाही, जोडाच्या किंचित मागे. सोल्डर वितळल्यावर तारेच्या धाग्यांमधून आवरणाच्या आत चढतं, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो आणि जिथे कडकपणा संपून मऊ तार सुरू होते तिथे प्रत्येक धक्क्याला वाकत वाकत एकेक धागा तुटतो. बाहेरून सगळं शाबूत दिसतं, दिवा मात्र कधी लागतो कधी नाही. म्हणून सोल्डर बेताचं लावा, हीट-श्रिंक कडक भागाच्या पुढे किमान एक सेंटिमीटर जाऊ द्या आणि तारेचे पहिले दोन सेंटिमीटर बॉडीला पक्के चिकटवा. मग वाकायचं ते मऊ तारेने, जोडाने नाही.

बॉडीत एलईडी बसवताना भोक ५ मिलिमीटरचं करा. एलईडीच्या बुडाशी असलेली कड त्याहून थोडी मोठी असते, ती आतून अडकते. भोक बॉडी रीमरने हळूहळू वाढवा. ड्रिलने पॉलिकार्बोनेटला चीर जाऊ शकते, आणि चीर एकदा पडली की प्रत्येक टकरीला वाढत जाते. फेविक्विक पारदर्शक भागाजवळ लावू नका. त्याच्या वाफेने काचेसारखा भाग पांढुरका होतो आणि तो डाग जात नाही. ग्लू-गन सगळ्यांना आवडते, पण बडोद्याच्या मे महिन्यात गच्चीवर किंवा बंद मोटारीत ठेवलेल्या बॉडीतून तो गोंद मऊ होऊन सुटतो. सिलिकॉन सीलंट उत्तम, फक्त व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्यातलं आम्ल तांब्याला खातं. न्यूट्रल प्रकारचं मागा.

रंग आतून दिलेला असतो, त्यामुळे पांढरा एलईडी पेटला की बोनेटही उजळतं. दिव्याच्या मागच्या भागावर आतून काळ्या रंगाचा जास्तीचा हात द्या किंवा ॲल्युमिनियमची टेप लावा. टेप वीज वाहून नेते, उघड्या पायांना ती लागू देऊ नका. पुढे पारदर्शक एलईडी लावा, त्याचा झोत अरुंद आणि लांब पडतो. मागे दुधी हवा, कारण मागचा दिवा बाजूनेही दिसायला हवा. दुधी मिळाला नाही तर पारदर्शकच ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या.

बॅटरी बदलायला बॉडी दरवेळी निघते, तेव्हा मधे दोन पिनांचा जेएसटी कनेक्टर लागतोच. ज्या तुकड्याच्या पिना झाकलेल्या असतात तो गाडीच्या बाजूला, म्हणजे विजेच्या बाजूला लावा. उघड्या पिना बॉडीकडे. उलटं केलंत तर बॉडी काढल्यावर जिवंत पिना चेसिसच्या धातूला टेकू शकतात. तार बॉडी ज्यावर बसते त्या मागच्या खांबापाशी खाली उतरवा आणि बॉडी उचलून बाजूला ठेवता येईल एवढी, १२ ते १५ सेंटिमीटर ढील द्या. त्याहून जास्त नको. लोंबती तार ड्राइव्हशाफ्टवर गुंडाळली जाते. उत्तरायणानंतरचे पंधरा दिवस तर इथल्या प्रत्येक रस्त्यावर मांजा पडलेला असतो. तो चाकात शिरला की ॲक्सलवर घट्ट बसतो, बेअरिंगपर्यंत जातो, आणि वाटेत दिव्याची तार सापडली तर तिलाही ओढून नेतो. काचेच्या पुडीने तारेचं आवरणही कापलं जातं. त्या दिवसांत प्रत्येक फेरीनंतर चाकांच्या आतून नजर टाका.

रिसीव्हरची अँटेना या सगळ्यापासून लांब ठेवा. २.४ गिगाहर्ट्झच्या अँटेनाचा शेवटचा सुमारे ३१ मिलिमीटरचा भागच खरं काम करतो. त्याच्यावरून दिव्यांच्या तारा नेल्या तर गाडीचा पल्ला कमी होतो.

ब्रेकलाइट हा यातला सगळ्यात रंगतदार भाग. मागचा तोच लाल एलईडी एरवी मंद आणि ब्रेकला प्रखर हवा. ६ व्होल्टवर एलईडीचा अधिक पाय सरळ अधिकला जोडा. वजा पायापासून दोन वाटा काढा: एक १ किलोओहममधून थेट वजाकडे, म्हणजे कायम ४ मिलिअँपिअर, दुसरी २७० ओहममधून बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरकडे. ट्रान्झिस्टर चालू झाला की आणखी सुमारे १५ मिलिअँपिअर वाहतात आणि दोन्ही मिळून २०च्या आतच राहतात. बीसी५४७ची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर वजाला, बेसला १ किलोओहममधून आर्डुइनो नॅनोची (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डची) एक पिन. दोन्ही दिव्यांना आपापले रेझिस्टर, ट्रान्झिस्टर मात्र एक पुरतो. तो १०० मिलिअँपिअरपर्यंत झेपवतो.

नॅनोला वीज देताना बीईसी ५ व्होल्टचा असेल तर ५ व्होल्टच्या पिनवर द्या, ६ असेल तर व्हीआयएन पिनवर. ६ व्होल्ट थेट ५च्या पिनवर देऊ नका, चिपची ती अगदी शेवटची मर्यादा आहे. थ्रॉटल (वेगाच्या) चॅनलला वाय-केबल लावून सिग्नल नॅनोच्या एका पिनवर आणा. रिसीव्हर दर २० मिलिसेकंदांच्या आसपास एक पल्स पाठवतो: मोकळ्या ट्रिगरला सुमारे १५०० मायक्रोसेकंद, टोकांना १००० आणि २०००च्या आसपास. कुठल्या बाजूला पुढे आणि कुठल्या बाजूला मागे, ते रिमोटच्या रिव्हर्स स्विचवर ठरतं, म्हणून आधी प्रत्यक्ष आकडे वाचून घ्या. मधल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना ५० सोडा. इतकी जागा ठेवली नाही तर रिमोटवरची ट्रिम (मधला आकडा सरकवायची सोय) थोडी हलली की ब्रेकलाइट फडफडतो.

प्रोग्राममध्ये नेहमी होणारी चूक म्हणजे ट्रिगर मागे गेला की ब्रेक समजणं. ईएससी तसं समजत नाही. बऱ्याच ईएससींमध्ये पुढे जात असताना ट्रिगर मागे ढकलला तर ब्रेक लागतो. मग मोकळा सोडून पुन्हा ढकलला तर रिव्हर्स. तुमच्या प्रोग्रामनेही हाच क्रम लक्षात ठेवायला हवा, नाहीतर गाडी मागे जात असताना ब्रेकलाइट प्रखर राहील. पल्स वाचताना थांबण्याची मर्यादा २५ मिलिसेकंद ठेवा. सिग्नल आला नाही तर वाचन शून्य येतं. ते १४५०पेक्षा कमी आहे म्हणून ब्रेक धरू नका, वेगळं तपासा. इंडिकेटरला ३५० मिलिसेकंद चालू, ३५० बंद. मिनिटाला साधारण ८६ वेळा होतं, खऱ्या मोटारीसारखं दिसतं.

पावसाळ्यासाठी सगळ्या उघड्या जोडांवर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या, पण सगळं तपासून झाल्यावरच. नॅनोवरचा यूएसबीचा भाग आणि कनेक्टरच्या पिना सोडून द्या.

रिसीव्हर आणि मोटर-ड्रायव्हर एकाच बोर्डवर असलेल्या खेळण्यातल्या गाडीत रिकामा चॅनल नसतो. तिथे वीज गाडीच्या स्विचच्या पुढून घ्या. ३.७ व्होल्टच्या सेलवर पांढऱ्याला ६८ ओहम आणि लालला १२० लावा. पूर्ण चार्जला पांढरा १५ मिलिअँपिअरच्या जवळ घेईल आणि सेल उतरत जाईल तसा लालच्या कितीतरी आधी मंदावेल. पुढचा दिवा अंधारला की सेल चार्जिंगला लावायची वेळ झाली.