चार पाव म्हणजे किती?

निवृत्तीनंतर मी गोव्यातील दिवाडी बेटावरच्या आमच्या घराच्या सोप्यावर संध्याकाळी चौथी-पाचवीच्या मुलांकडून गणिताचा सराव करून घेऊ लागले, तेव्हा पहिले काही महिने मी त्यांना नुसती उदाहरणेच घालत असे. मुले ती सोडवीत, पण वाचीत नसत. 'एकूण' हा शब्द दिसला की बेरीज, 'उरले' दिसले की वजाबाकी आणि 'प्रत्येकी' दिसले की भागाकार, एवढ्यावर त्यांचे काम भागत असे. म्हणून मी दर चार उदाहरणांनंतर एक कोडे घालू लागले. मात्र ते कोडे आहे, हे वहीत कुठेही लिहायचे नाही, हा माझा नियम आहे.

पहिले कोडे फेरीबोटीचे होते, कारण ही मुले फेरीबोटीतच लहानाची मोठी झालेली आहेत. बोटीच्या बाजूला एक शिडी सोडलेली आहे, तिच्या पायऱ्यांमध्ये 30 सेंटिमीटर अंतर आहे आणि सर्वांत खालची पायरी पाण्याला जेमतेम टेकलेली आहे. भरतीचे पाणी तासाला 20 सेंटिमीटर चढत असेल, तर तीन तासांत आणखी किती पायऱ्या बुडतील? सगळ्यांनी 20 गुणिले 3 बरोबर 60, भागिले 30, असे करून 'दोन' हे उत्तर लिहिले. पाचवीतील एका मुलीने मात्र पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "बाई, बोट पण वर येतली मगे?" बाकीच्यांनी कपाळावर हात मारून घेतले. त्यानंतर तिनेच विचारले की, शिडी बोटीला नसून धक्क्याला बांधलेली असेल तर काय होईल. त्या प्रश्नाचे उत्तर खरोखरच दोन येते, म्हणजे कुणाचाच गुणाकार वाया गेला नाही.

कोडे निवडताना मी हेच पाहते. फांदीवरच्या दहा कावळ्यांपैकी एकाला गोळी घातली तर किती उरले, हे कोडे एकदा हसून झाले की संपते, कारण त्यात गणित नाही. त्यापेक्षा चिऱ्यांच्या विहिरीतला बेडूक पुष्कळ बरा: विहीर दहा हात खोल, बेडूक दिवसा तीन हात चढतो आणि रात्री दोन हात घसरतो. 'दहा दिवस' असे घाईने लिहिणाऱ्याला एकेक दिवस मांडून पाहावा लागतो आणि सात दिवसांनंतर सातव्या हातावर असलेला बेडूक आठव्या दिवशी दहावा हात गाठून बाहेर पडतो, हे त्याला स्वतःच्याच वहीत दिसते. काठावर पोहोचल्यावर तो घसरणार कसा!

फुटबॉलचे उदाहरण तर आमच्याकडे हमखास रंगते. बाद पद्धतीच्या स्पर्धेत 16 संघ असतील, तर किती सामने होतील? 8, 4, 2 आणि 1 मिळून 15, हे मुले पटकन सांगतात. मग मी 23 संघ घेते. कुणाला न खेळता पुढे चाल मिळणार, यावर भांडणे होतात, 11, 6, 3, 1 आणि 1 अशी लांबलचक बेरीज होते आणि शेवटी 22 येतात. त्यानंतरच मी विचारते की, प्रत्येक सामन्यात किती संघ घरी जातात आणि शेवटी किती उरतात. ही वाट आधी दाखवली असती, तर त्यांना तिचे काहीच अप्रूप वाटले नसते, असे माझे मत आहे.

आता मुलेच कोडी करून आणतात. आम्हाला लहानपणी पावकी, निमकी, सवायकी, म्हणजे पाव, अर्धा आणि सव्वा यांचे पाढे, पाठ करावी लागत. त्यातली पावकी मी त्यांना सांगितली, तेव्हा 'चार पाव म्हणजे एक' हे ऐकून मुले खो खो हसली, कारण त्यांच्या लेखी चार पाव म्हणजे पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, आणलेले चार पाव. दुसऱ्याच दिवशी चौथीतल्या एका मुलाने हे उदाहरण आणले: "पोदेराकडे तीन डझन पाव होते, त्यातले पाव पाव खपले, तर किती पाव उरले?" त्याचे स्वतःचे उत्तर 27 होते. शेजारच्याने पावणेछत्तीस लिहिले. मी दोघांनाही पूर्ण गुण दिले.