लेबर रूमची पोस्टिंग

नर्सिंगच्या पोस्टिंगमध्ये आज लेबर रूम, म्हणजे बाळंतपणाची खोली. बॅचमधल्या मुली सरळ आत, आम्ही पोरं दाराशी. आधी सिस्टर पेशंटला विचारणार, मग आम्ही. विचारायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. (एएनएम या नर्सिंगच्या छोट्या कोर्सला मुलांना प्रवेशच नाही, पण बीएस्सी नर्सिंगला मिडवायफरी, म्हणजे बाळंतपणाचा विषय, सगळ्यांनाच. पेपरमध्ये काही सूट मिळत नाही!)

पहिल्या ताईंनी मानेनंच नको म्हटलं. दुसऱ्या ताईंच्या सासूबाई कडाडल्या, "पोरगा कशाला हितं?" कळ ओसरल्यावर ताईच म्हणाल्या, "राहू द्या आत्या, शिकतोय तो."

मग पोटावर हात ठेवून कळा मोजल्या, दहा मिनिटांत किती आणि किती सेकंदांच्या. दर अर्ध्या तासाने बाळाच्या हृदयाचे ठोके: मिनिटाला ११० ते १६० च्या मध्ये हवेत. सगळं पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूतीच्या नोंदींच्या तक्त्यावर. कंबर कशी चोळायची ते आत्यांना दाखवलं, त्यावर त्या जरा निवळल्या. मुलगी झाली. मिनिटाच्या आत सिस्टरनी आईला ऑक्सिटोसिन १० युनिट दिलं, जास्त रक्तस्राव होऊ नये म्हणून. ॲपगार (बाळाच्या तब्येतीचे दहापैकी गुण) मी मोजला, सिस्टरनी तपासला: पहिल्या मिनिटाला ८, पाचव्याला ९.

निघताना आत्यांनी हातावर पेढा ठेवला आणि विचारलं, "लगीन झालंय का रं तुझं?"