मॉडेलमधली रात्रीची लाइट

देशाच्या पुढच्या विजेचं आमचं संगणकावरचं मॉडेल ‘इन्फीजिबल’ (म्हणजे सगळ्या अटी पाळणारं उत्तरच नाही) म्हणून अडलं की मला फारसं वाटत नाही. कुठली तरी अट जास्त आवळलेली असते, ती शोधून सैल करायची. डोकं खातं ते सुरळीत सुटलेलं मॉडेल.

आम्ही ओसेमोसिस हे ऊर्जा-नियोजनाचं सॉफ्टवेअर वापरतो. मुक्त स्रोत आहे, आत काय चाललंय ते ओळ न् ओळ वाचता येतं. देशातली कोळशाची केंद्रं, सौर, पवन, जलविद्युत, त्यांचे खर्च आणि विजेची मागणी भरायची. कार्बनची मर्यादा २०७० पर्यंत शून्याकडे उतरवत न्यायची (हे साल भारतानं २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर केलेलं). मग सॉल्व्हरनं, म्हणजे हे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामनं, त्यातून सगळ्यांत स्वस्त वाट काढायची. वर्षाचे ८७६० तास जसेच्या तसे घेतले तर आमचं मशीन मान टाकतं, म्हणून ऋतू आणि दिवसाचे प्रहर असे तुकडे पाडतो. या मॉडेलला पुढची चार दशकं आधीच ठाऊक असतात. असा गुंतवणूकदार मला अजून भेटायचाय!

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी रन संपला आणि २०४० नंतर बॅटऱ्याच बॅटऱ्या दिसायला लागल्या. संध्याकाळचे दिवे, पंखे, एसी यांच्यासाठी साठवण लागणार हे उघड आहे. पण मध्यरात्रीनंतर कोणासाठी? मागणीचा आलेख जिथं उतरायला हवा, तिथं तो जवळजवळ सपाट चालला होता.

आमच्यातला नवा मुलगा जुन्नरचा. तो स्क्रीनकडं बघून म्हणाला, “मॅडम, यात आमचे पंप आहेत.”

“कशावरून?”

“आमच्याकडं लाइट पाळीनं येते. काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. रात्री बारा वाजता उसात मोटर चालू करायला जायची हौस कोणाला असते? बिबटे फिरतात. दिवसा लाइट द्या म्हणून लोक मागं लागलेत.”

देशाच्या वीजवापरात शेतीचा वाटा साधारण सहावा हिस्सा. मागच्या वर्षांचा नोंदलेला लोड (तासातासाचा वीजवापर) घेऊन तोच आकार भविष्यावर चढवायचा, ही आमच्या धंद्यातली सर्रास रीत. पण शेतकऱ्याला पाणी कधी हवं होतं, हे त्या नोंदीत नसतंच. फीडर, म्हणजे उपकेंद्रातून तिकडं वीज नेणारी लाइन, कधी चालू केला एवढंच असतं. आणि त्या वेळेसाठी आम्ही २०४५ च्या बॅटऱ्या विकत घेत होतो.

दुपारी शेतीची मागणी मूळ आलेखातून वेगळी काढली. ऋतूचं एकूण पाणी तेवढंच, तास मात्र मॉडेलनं निवडायचा. त्यानं सगळे पंप उन्हात नेऊन ठेवले आणि बॅटऱ्या डोळ्यांत भरण्याइतक्या कमी झाल्या. यात आम्ही काही जगावेगळं शोधलं नव्हतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून हेच म्हणतेय: गावाजवळ सौर प्रकल्प, दिवसा पंप. दिवसाची लाइट आल्यावर उपसा वाढेल का, याचं उत्तर मात्र या मॉडेलकडं नाही. त्यात विहीरच नाही.

सादरीकरणात मी दोन्ही आलेख शेजारी शेजारी दाखवले. बॅटऱ्यांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी विचारलं, “गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे करायचा खर्च धरलाय?”

धरला होता, पण सगळ्या देशाला एकच सरासरी. ते म्हणाले, “राज्यवार करून आणा.” त्यासाठी आता वीज कंपन्यांकडं आकडे मागायला सुरुवात केलीय, जुन्नरच्या मुलालाच ते काम दिलंय.