कलमाचा काप

फोर्थ व्हेंट्रिकलचा, म्हणजे मेंदूच्या देठामागच्या पोकळीचा, तो नमुना मी स्वतःच्या हाताने तयार केला होता. त्याचा तळ दिसायला हवा तर वरचं सेरेबेलम, म्हणजे लहान मेंदू, काढावं लागतं. त्याला देठाशी जोडणाऱ्या पेडंकल्सच्या तिन्ही जोड्या कापायच्या, आणि सुरी केसभर जास्त उतरली की मेंदूच्या देठालाच चीर पडते. मग कोरॉइड प्लेक्ससचे, म्हणजे आतल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याचे, तंतू ओल्या कापसाने हलकेच टिपून घ्यायचे. ओढले की खालचं नाजूक अस्तर फाटतं. हे सगळं साधलं की पतंगाच्या आकाराचा तळ उघडा पडतो. दिवा तिरका धरायचा. वरून पडलेल्या उजेडात काही दिसत नाही. तिरक्या उजेडात मधली खाच आणि दोन्हीकडचे बारीक उंचवटे उठून दिसतात. पतंगाचं खालचं निमुळतं टोक म्हणजे कॅलॅमस स्क्रिप्टोरियस, लिहिण्याचा बोरू. मधली खाच ही त्याची चीर. अलेक्झांड्रियाच्या हिरोफिलस या वैद्याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात या जागेला तिथल्या लेखणीची उपमा दिली, असं नंतरच्या काळातल्या गेलन या वैद्याने नोंदवून ठेवलं आहे.

मेडिकलच्या प्रथम वर्षाच्या अ‍ॅनाटॉमीच्या तोंडी परीक्षेत मी इंटर्नल, म्हणजे कॉलेजचीच परीक्षक होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांना संध्याकाळची गाडी पकडायची होती. त्या दिवशी समोर आलेली एक मुलगी देवगडकडची, घरी आंब्याच्या कलमांची रोपवाटिका. तिने त्या तळावरच्या त्रिकोणी जागा, हायपोग्लॉसल ट्रायगोन दाखवला, व्हेगल दाखवला, एरिया पोस्ट्रेमावर अचूक टाचणी ठेवली. उलटीचा संबंध न विचारता सांगितला. मग सरांनी विचारलं, "कॅलॅमस म्हणजे काय?"

"सर, कलम."

"म्हणजे पेन?"

"नाही सर, आंब्याचं कलम. काडीला असाच काप घेतात." आणि ग्लोव्ह घातलेली दोन बोटं जुळवून तिने पाचर करून दाखवली.

सर मोठ्याने हसले. "हा शेतकी कॉलेजचा पेपर नाही," म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला. मी हसले नाही, पण बोललेही नाही. गुणपत्रिकेवर त्यांनी एक गुण कमी केला, त्याखाली मी सही केली.

आम्ही मुलांकडून ही नावं नुसती घोकून घेतो, याचा मला फार जुना राग आहे. नडगीचं हाड टिबिया म्हणजे बासरी, त्याशेजारचं फिब्युला म्हणजे कपड्याला लावायची पिन, मेंदूतला अमिग्डाला म्हणजे बदाम. सगळ्या घरातल्या, अंगणातल्या वस्तू. नाव ठेवणाऱ्याने आधी वस्तू हातात घेतली होती. आपण मात्र वस्तू वगळून नाव देतो आणि मुलांना लक्षात राहत नाही म्हणून त्यांनाच बोलतो.

त्या रात्री लॅटिन कोश उघडला तो त्या हसण्याने झोप येईना म्हणून. कॅलॅमस हा शब्द लॅटिनने ग्रीक कॅलॅमोसवरून घेतला. मूळ अर्थ बोरूचं झाड, वेत. त्यावरून बासरी, बाण, मासे धरायची काठी, लेखणी. आणि त्याच यादीत: झाडावर बांधायची काडी, कलम. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने पहिल्या शतकात आपल्या निसर्गग्रंथाच्या 17व्या भागात कलमं बांधण्याबद्दल लिहिताना हाच शब्द वापरला आहे. तोच ग्रीक शब्द अरबीत कलम झाला आणि फारसीतून आपल्याकडे आला. आपल्याकडेही लिहायचं ते कलम आणि हापूसचं तेही कलम. वेखंडाच्या शास्त्रीय नावात, अ‍ॅकोरस कॅलॅमसमध्ये, हाच शब्द बसला आहे, आणि ते वेखंड मी माझ्या मुलाच्या बाळगुटीत उगाळलं होतं.

आजोबा बोरू तासायचे ते मला आठवतं. चाकू तिरका धरून एका झटक्यात काप, मग टोकाला मधोमध चीर. कोय कलमात खुंटाला चीर देतात, काडीला दोन्हीकडून तिरका काप घेऊन तिची पाचर करतात आणि चिरेत बसवून पट्टी बांधतात. हातातली काडी वेगळी, काप तोच. माझी समजूत अशी की एकाच शब्दाला दोन्ही अर्थ चिकटले ते या चाकूमुळे. त्या मुलीने हे कुठल्या कोशात वाचलं नव्हतं. वडिलांच्या हातात रोज पाहिलं होतं, म्हणून ट्रेमधल्या मेंदूवर तिला तोच काप दिसला. पंधरा वर्षं शिकवताना मला तो एकदाही दिसला नाही.

ती चांगल्या गुणांनी पास झाली. गेल्या महिन्यात पॅथॉलॉजीच्या जिन्यात भेटली, तेव्हा मी प्लिनीपासून सगळं सांगितलं. तिचं उत्तर बरोबर होतं हे सांगितलं, आणि त्या दिवशी मी गप्प बसले हेही.

ती थोडा वेळ जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मी माझ्या वहीत त्या आकृतीशेजारी आंब्याची काडी काढली होती. परीक्षेहून आल्यावर खोडून टाकली."