झालं का, आत्या?

झोप येत नाही म्हणून लिहितेय. बाहेरच्या खोलीतला दिवा बाबांनी अजून मालवलेला नाही.

घडलं तसं काहीच नाही. रात्री सगळे जेवायला बसलो. मी नेहमीसारखे हात जोडले, डोळे मिटले. उघडले तर कुणीच सुरुवात केलेली नव्हती. वहिनी वाढता वाढता थांबलेली. दादा ताटाकडे बघत होता. आणि बाबा, चक्क बाबा, हात मांडीवर ठेवून बसलेले. मग छोटीने विचारलं, "झालं का, आत्या?" आणि सगळे जेवायला लागले.

एवढंच. पण मला असा राग आला की घास उतरेना.

बाप्तिस्मा घेऊन मी ख्रिस्ती झाले त्याला सहा वर्षं झाली. आजवर मी डोळे मिटले की या घरात भांड्यांचा आवाज वाढायचा. बाबा नेमके तेव्हाच दादाला काहीतरी विचारायचे, तेही मोठ्याने. त्याची सवय झाली होती. खरं सांगायचं तर ते आवडायला लागलं होतं. त्या आवाजात माझ्या दोन ओळींच्या प्रार्थनेला वजन यायचं. बायबलमधल्या मत्तयाचा 10वा अध्याय तोंडपाठ आहे मला: शांतता नव्हे, तरवार, माणसाचे वैरी त्याच्या घरचेच. येशूचे हे शब्द मीखा संदेष्ट्याच्या 7व्या अध्यायातून आलेत हे कळलं तेव्हा केवढा आनंद झाला होता! म्हणजे माझं दुःख शेकडो वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं. विरोध करणाऱ्यांसाठी माझ्याकडे वचनांची रांग आहे. ताटावर थांबलेल्या हातांसाठी एकही पाठ नाही.

पण राग का यावा?

आधी वाटलं, कीव करतायत. आजारी माणसाच्या कलाने घेतात तसं. येशूच्या घरच्यांनाही वाटलं होतंच की याला वेड लागलंय; त्याला धरून न्यायला निघाले होते ते, मार्काने लिहून ठेवलंय. पण दादाच्या चेहऱ्यावर कीव नव्हती. त्याला भूक लागली होती, बस.

मग आता, माझ्या खोलीतला दिवा बंद केल्यावर, दुसरी गोष्ट आठवली. आठवली म्हणजे काय, माहीतच होती. मनातल्या मनात 'आमेन' म्हणून केव्हाच झालं होतं. तरी मी डोळे मिटून बसले होते. बाबा समोर होते म्हणून. लोकांनी पाहावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करू नका, खोलीत जा, दार लावून घ्या, असं त्याच मत्तयात चार अध्याय आधी आहे. ते काही मी पाठ केलं नाही. मी ताटासमोर सोंग घेऊन बसले होते आणि माझं सोंग संपेपर्यंत चार माणसं उपाशी थांबली. त्यातली एक सात वर्षांची.

राग त्याचा आहे. असावा.

धाकट्या बहिणीच्या लग्नात मी विधी चालू असताना बाहेर थांबले होते. चर्चच्या मंडळीतल्या एक बाई नंतर म्हणाल्या, "ठाम राहिलीस हो." ते कितीतरी दिवस पुरलं मला. नामानाची गोष्ट खूप पुढे वाचली. कुष्ठरोगातून बरा झालेला, इस्राएलाच्या देवावर नुकता विश्वास ठेवलेला सेनापती. तो अलीशा संदेष्ट्याला विचारतो, माझा धनी माझ्या हाताचा आधार घेऊन त्याच्या रिम्मोन दैवताच्या देवळात जाईल, तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढं माफ होईल ना? अलीशा वाद घालत नाही. शांतीने जा म्हणतो. आता यावरून मी आत बसायला हवं होतं असं मी म्हणत नाही. तेव्हाही बसले नसते, उद्याही बसणार नाही. पण बाहेर उभं राहताना चेहरा कसा ठेवायचा, याला तरी काही पर्याय होता. धाकटीने त्यावर अजून एक शब्द विचारलेला नाही.

लूक 14 मध्ये येशू म्हणतो, आईबापांचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही; तो 'द्वेष' शब्द पाळकांनी समजावून सांगितला होता. आईबापांचा द्वेष म्हणजे त्यांच्यावर कमी प्रीती. मत्तयाने तेच 'माझ्यापेक्षा अधिक' असं लिहिलंय. मी मान हलवली आणि घरी येऊन द्वेषच धरून बसले. सोपा आहे तो. कमी म्हणजे किती कमी, हे रोज नव्याने मोजत बसावं लागतं. आणि मार्क 7 मधलं ते 'कुर्बान': आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलंय असं म्हणून हात झटकणारी माणसं. आईच्या शेवटच्या महिन्यातले रविवार... नको. ते आज नको.

एक मात्र गंमत आहे. योहान म्हणतो, येशूच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात तेच भाऊ मरियेसोबत प्रार्थनेत बसलेले दिसतात. पुनरुत्थित येशू त्यांच्यातल्या याकोबाला दिसला, एवढं पौल सांगतो. बाकीच्या भावांचं काय झालं, घरात कोण आधी बोललं, कुणी काही मागे घेतलं का, याबद्दल अवाक्षर नाही. मला नेमकं तेवढंच वाचायचं होतं.

बाबा माझ्यासाठी थांबले असतील असं समजून मी इतकं लिहिलं. कदाचित वहिनीने अजून वाढलंच नसेल त्यांना. ताट आठवून पाहतेय, आठवत नाही. डोळे मिटलेले होते ना माझे.

दिवा बंद झाला. उद्या दुपारी निघायच्या आधी पुन्हा एक जेवण आहे. प्रार्थना छोटी करायची. छोटीला भूक निघत नाही.